दुखलं तर डावा हात

“दुखलं तर डावा हात वर करा,” पडद्यावरच्या हानाबुसाबाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या शिहोचा डावा हात वर गेला. तिनं तो वर केला नव्हता. तो गेला. सोयासॉसची बाटली, संत्र्याची सालं आणि टपालानं आलेला प्लास्टिकचा जबडा या सगळ्यांच्या वर, कानाच्या उंचीला, तो तसाच राहिला. तळवा पुढे, बोटं किंचित मिटलेली. शिहो त्याच्याकडे बघत बसली. हात ओळखीचा होता, नखं तिचीच होती, पण हे असं वर जाणं तिनं कुठंतरी पाहिलं होतं, आणि कुठं ते आठवेना. तिनं धडा थांबवला तेव्हा हानाबुसाबाईंचं तोंड नेमकं अर्धवट उघडं राहिलं. त्यांचा खालचा एक दात वाकडा आहे हे तिला आजच दिसलं. दुखत तर काहीच नव्हतं. कुठंच नव्हतं. तिनं उजव्या हातानं डावा हात धरून खाली आणला आणि मांडीवर ठेवला, म्हाताऱ्या माणसाचा ठेवतात तसा, आणि उरलेलं संत्रं खाल्लं. ते आंबट होतं की गोड, हे खाऊन झाल्यावरही तिला सांगता आलं नसतं.

शिहो निनोमिया हे नाव मात्सुयामात कुणाला माहीत असण्याचं कारण नाही, पण तिचा आवाज निम्म्या शहरानं ऐकलेला आहे. ट्रामच्या थांब्यासमोरचं सात मजली दुकान गेल्या हिवाळ्यात बंद झालं, तोवर वीस-एक वर्षं ती तिथं तळमजल्यावर माहिती सांगायला बसत होती आणि दिवसभराच्या घोषणा करत होती. हरवलेल्या पोराची घोषणा असो, लोकरी कपड्यांच्या सेलची असो, तिचा आवाज एका रेषेत चालायचा. कुणी म्हणायचं गोड आहे, कुणी म्हणायचं झोप येते. बाहेर पाऊस सुरू झाला की सगळ्या मजल्यांवर एक ठरलेली धून वाजवायची हेही तिचंच काम. ती ऐकली की विक्रेत्या मुली कागदी पिशव्यांवर प्लास्टिक चढवायला लागायच्या आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, वा, काय छान संगीत लावतात. शेवटच्या दिवशी दारं बंद होताना तिनंच आभार मानले. खाली लोक रडत होते, मॅनेजर रडत होता, पायमोज्यांच्या विभागातली जाडी सासाकी तर हुंदके देत होती. शिहो ठरलेल्या अंशात वाकली, ठरलेला वेळ वाकून राहिली, घरी आली, नूडल्स उकळून खाल्ल्या आणि झोपली. तेव्हापासून ते तसंच चाललं होतं. दाढ काढायला इंजेक्शन दिलं की ओठ जसा आपला असून आपला राहत नाही, तशी ती सबंधच्या सबंध झाली होती. सुरुवातीला तिला बरंही वाटलं. आपण खंबीर आहोत असं लोक म्हणत होते, आणि लोक म्हणतात तर तसंच असेल म्हणून तिनंही ते मानून टाकलं.

रोजगार कार्यालयातल्या माणसानं विचारलं होतं, “दातांच्या दवाखान्यात मदतनीस व्हाल? घरबसल्या शिकता येतं. फोनवर बोलायला आवाज चांगला लागतो, तुमचा तर काय प्रश्नच नाही.” ती म्हणाली, “बरं.” हल्ली ती सगळ्याला ‘बरं’ म्हणत असे. मग खोकं आलं. त्यात प्लास्टिकचा जबडा, लहान आरसा, कापसाच्या गुंडाळ्या, थुंकी ओढायच्या नळीचा नमुना आणि एक जाड पुस्तक. संध्याकाळी जेवण झालं की ती टॅबलेट उभा करायची आणि धडा लावायची. मधल्या दातापासून एक, दोन, तीन मोजत जायचं, अक्कलदाढ म्हणजे आठ. डॉक्टर तपासताना भराभर पुकारत जातील, तुम्ही मागोमाग लिहायचं. दात ठीक असेल तर नुसती तिरपी रेघ. डावं-उजवं पेशंटचं धरायचं, आपलं नाही. आणि एक गोष्ट हानाबुसाबाई प्रत्येक धड्यात बजावत: तोंडाच्या आत तुमचं काम नाही. आरसा द्या, नळी धरा, दिवा फिरवा. पण पेशंटच्या तोंडात बोट घालायचं नाही, तो कायदाच आहे. शिहोला हे आवडलं होतं. जवळ बसायचं आणि आत शिरायचं नाही, हे तिला जमण्यासारखं होतं.

तिनं धडा परत सुरू केला. हानाबुसाबाई आता खुर्चीचं चित्र दाखवत होत्या. डॉक्टर पेशंटच्या उजवीकडे बसतात. उजवा हात वर आला तर यंत्राला धक्का लागेल, दात कोरायची सुई चालू असली तर भलतंच होईल, म्हणून पेशंटला डावा हात सांगायचा. आणि डावीकडे कोण बसतं? “तुम्ही बसता,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांचे डोळे तोंडात असतात. हात त्यांना दिसत नाही. हाताकडे बघायचं काम तुमचं. तुम्ही नाही बघितलं तर तो हात कुणीच बघत नाही, हे लक्षात ठेवा.” आणि शिहोला आठवलं, हात कुठं पाहिला होता ते. तिनं टॅबलेट पालथा घातला. बाईंचा आवाज टेबलाच्या लाकडातून येतच राहिला.

तो आईचा हात होता. चेरी फुलून गेल्यावर काही दिवसांनी आई न्हाणीघरात पडली आणि दवाखान्यातून परत आली ती उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही तिथंच ठेवून. किनुए निनोमिया, जिनं आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले आणि शिवताना तोंडात टाचण्या धरूनही गप्पा मारल्या, तिच्या तोंडून आता आवाज यायचा तो कण्हण्याचाही नाही, नुसत्या श्वासाचा. किती समजतं, किती नाही, डॉक्टर नक्की सांगेनात. नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात खोली मिळाली. आणि शरद लागता लागता एके दिवशी, शिहो निघायला उठली असताना, आईनं डावा हात वर केला. तळवा पुढे, बोटं किंचित मिटलेली. “अगं बाई, आजी बाय-बाय करतायत!” म्हणून तिथल्या सेविका ओचीबाई केवढ्यानं ओरडल्या. शेजारच्या खोलीतल्या बायका बघायला आल्या. ओचीबाईंनी फोटो काढला, तो भिंतीवर लावला, खाली रंगीत पेनानं फूल काढलं. मग तो रिवाजच झाला. कोणीही आलं, कोणीही निघालं, जेवणाचं ताट आलं, की आईचा हात वर. आणि सगळे हसून हात हलवणार. शिहोही हलवायची. दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाला दार उघडताना हलवायची तसा, कोपर अंगाशी ठेवून, फक्त मनगटातून. हात हलवला की आईचा हात खाली जायचा. तिला वाटायचं, भेट नीट पार पडली.

जेवणाचं ताट आलं की. हे तिला आज, पालथ्या टॅबलेटसमोर, पहिल्यांदा सुटं सुटं दिसलं. आणि आई जेवेनाशी कधी झाली? आधी मासा नको झाला, मग बारीक केलेला मासाही, मग पेज. चमचा ओठाशी गेला की ती मान फिरवायची. महिन्याभरात तिची मान पक्ष्यासारखी झाली. तिथले मोठे डॉक्टर हळू आवाजात, दोन्ही हात एकमेकांवर ठेवून म्हणाले होते, “जेवायची इच्छाच मावळते कधीकधी. यात कुणाचा दोष नसतो. पोटाला लहानसं छिद्र पाडून नळी बसवू, अन्न सरळ आत जाईल. तोंडाला त्रास द्यायचं कारणच उरणार नाही.” शिहो म्हणाली होती, “बरं.” गुरुवारी तिनं जाऊन संमतीपत्रावर सहीऐवजी घरचा शिक्का उठवायचा होता. एकदा नळी बसली की तोंडाकडे कोण बघणार, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही. आता पडला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. यासुकी ओसाकाला लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर आहे. अर्ध्या गोष्टी तो लिफ्टच्या खोबणीत उभा राहून बोलतो, त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. आईला भेटायला तो फारसा येत नाही. एकदा आला तो खोलीबाहेर जाऊन रडत बसला आणि मग सगळ्यांसाठी थंड कॉफीचे डबे घेऊन आला.

“ताई, गुरुवारची रजा काही मिळत नाही. तू एकटी जाशील ना?”

“बरं.”

“शिक्का विसरू नकोस. मागच्या वेळी आपण दोघंही विसरलो होतो, तो माणूस कसा बघत होता आपल्याकडे.”

“यासुकी, आई हात वर करते ना.”

“बाय-बाय? हो. का गं?”

“बाय-बाय नसेल तर?”

“मग काय असेल?”

“दातवाल्याकडे नाही का सांगत. दुखलं तर डावा हात.”

तो हसला. “ताई, चार धडे बघितलेस आणि डॉक्टरीण झालीस? अगं, तिचा उजवा चालत नाही. डावाच वर करणार ना ती! का पाय वर करील?”

खरंच होतं ते. जिच्याकडे एकच हात उरला आहे, ती दुसरा कुठून आणणार.

“आणि काय गं,” यासुकी आता रंगात आला होता, “हात वर केला म्हणून कुठला दातवाला थांबलाय आजवर? ‘हो हो, झालंच, थोडंसंच राहिलंय हं.’ आपल्या सगळ्यांना हेच तर ऐकवलंय. तो हात वर करणं म्हणजे नुसता मनाचा समज.” मग आवाज खाली आला. “हे बघ, तू आत्ता गुंता करू नकोस. बडे डॉक्टर म्हणतायत ते काय उगीच? ती उपाशी आहे गं. मला रात्री झोप येत नाही. तू ठीक आहेस ना?”

“बरी आहे,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं प्लास्टिकचा जबडा उघडला, मिटला, उघडला. त्याच्या बिजागरीचा छान आवाज यायचा.

पण एक दातवाला थांबला होता. ती जबड्याशी खेळत होती आणि ते वर येत होतं, सावकाश, लवंगेच्या तेलाच्या वासासकट. पुलाजवळचा दवाखाना, हिरवट खुर्ची, जिची कड फाटून आतला स्पंज दिसायचा. ती दुसरीत का तिसरीत असेल. त्या डॉक्टरांच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा. “दुखलं तर डावा हात वर कर हं,” ते म्हणाले होते. दुखलं, आणि तिनं केला. “हो हो, झालंच,” डॉक्टर म्हणाले आणि सुई चालूच राहिली. तिनं हात आणखी ताणला, बोटं ताठ केली, वर्गात उत्तर येत असताना करतात तशी. छताला पाण्याचा डाग होता. मग सुईच्या आवाजावर आईचा आवाज आला. आई, जी डॉक्टर म्हटलं की दारातच दोनदा वाकायची, जी भाजीवाल्यालाही कधी उलट बोलली नाही, ती डावीकडे पर्स पोटाशी धरून उभी होती आणि म्हणत होती, “डॉक्टर, मुलगी हात वर करतेय.” डॉक्टर ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिले. आई परत म्हणाली, तितक्याच हळू, “डॉक्टर, हात वर आहे तिचा.” आणि सुई थांबली. त्या थांबण्यातली शांतता शिहोला आता या स्वयंपाकघरात ऐकू आली, फ्रीजच्या घरघरीसकट. आईचं तोंड लाजेनं लालभडक झालं होतं. दोघी चालत घरी निघाल्या. आईला आपण भलतंच काहीतरी करून बसलो असं वाटत होतं, आणि शिहोला आईचा हात सोडवत नव्हता.

संध्याकाळी थेट वर्ग होता. पडद्यावर चौकोनांत तोंडं. एकीच्या घरी भाताचं भांडं शिजून झाल्याची शीळ वाजत होती. प्रत्येकीनं पेशंटला सांगायची वाक्यं म्हणून दाखवायची होती. शिहोची पाळी आली. पाठ टेकवा. तोंड उघडा. दुखलं तर डावा हात वर करा.

“निनोमियाबाई,” हानाबुसाबाई म्हणाल्या, “उच्चार अगदी स्वच्छ. पण ऐकणाऱ्याला वाटेल, दुकान बंद व्हायची वेळ झाली.”

सगळे चौकोन हसले. शिहोही हसली, ओठांनी. मग तिनं विचारलं, आणि विचारत असताना आपण विचारतोय याचं तिला नवल वाटलं, “पेशंटचा एकच हात चालत असेल तर? डावाच? तर मग तो वर आला तरी कशासाठी आलाय, हे कसं कळणार?”

“चांगला प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या आणि जरा विचारात पडल्या. “मी काम करत होते तेव्हा हात वर यायचा आणि कळायचं की एकाला थुंकायचंय, एकाला शिंक येतेय. एक आजोबा तर मला वेळ विचारायचे. हात काही सांगत नाही हो. हात फक्त बोलावतो. विचारायचं.”

“काय विचारायचं?”

“दुखतंय का, म्हणून. दुसरं काय?” बाईंना यात अवघड काय ते कळेना. “अंदाज नाही करायचा. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाबद्दल सगळेच अंदाज करतात.”

त्या रात्री अंथरुणात शिहोनं आठवून पाहिलं. आई पडल्यापासून तिनं आईला काय काय विचारलं होतं? थंडी वाजते का, हे पांघरूण घालतानाच विचारायचं. टीव्ही लावू का, हे लावून झाल्यावर. मी कोण, ओळखलंस का, हे पहिल्या आठवड्यात, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. ‘दुखतंय का’ हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता ते विचारायची तिला भीती वाटत होती. सरळ भीती, दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. उत्तर ‘नाही’ आलं, किंवा काहीच आलं नाही, तर गुरुवारी शिक्का आणि नळी. पण ‘हो’ आलं तर? तर शरद ऋतूपासून तिची आई तिला बोलावत होती आणि ती उलट हात हलवून निघून जात होती. दर भेटीत. हसून. भिंतीवर फोटो लावून. तिला वाटलं की विचारूच नये. शिक्का उठवावा, सगळे म्हणतायत तसं करावं. त्यात कुणाचा दोष नसतो असं खुद्द डॉक्टर म्हणाले आहेत. बधिर माणसाला एक सोय असते, त्याला कुठंही टोचलं तरी चालतं, आणि ती सोय सोडून द्यायची म्हणजे काय, हे ज्यानं सोडली त्यालाच माहीत. सकाळी तिनं दात घासले, आरशात स्वतःचे दात मोजले, एक ते सात, आठवा नाही. ट्राम आली ती तिनं जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली. थांब्यासमोरच्या बंद दुकानाच्या काचेला आतून कागद चिकटवलेले होते. मग जी आली तिच्यात ती चढली.

ओचीबाई दारातच भेटल्या, ताटांची गाडी ढकलत. या बाईचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि दोन्हींचा कधीकधी त्रास होतो. “शिहोताई! आज बुधवारी कशा? उद्या यायचं होतं ना? या या, आजींना बघा, आज केस विंचरलेत मी, कशा नवरीसारख्या दिसतायत.”

“सकाळी काही खाल्लं?”

“कुठलं. चमचा दिसला की तोंड फिरवतात. हट्टी आहेत हो, शिंप्याच्या सुईसारख्या ताठ.” त्यांनी पेजेची वाटी काढली आणि खोलीत शिरल्या. “आजी, एकच घास. लेक आलीये बघा.”

किनुए उशांना टेकून बसली होती. वाटी जवळ आली आणि तिचा डावा हात वर गेला.

“बघा! तुम्हाला बघून लगेच! बाय-बाय, आजी, बाय-बाय!” ओचीबाईंनी हात हलवला, वाटी टेबलावर ठेवली आणि गाडी घेऊन पुढच्या खोलीकडे गेल्या.

शिहोनं खुर्ची ओढली. नेहमी ती पायाशी बसत असे, तिथून टीव्हीही दिसतो. आज ती डावीकडे बसली, आईच्या खांद्याजवळ. आणि हात हलवला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले, कारण उजवा मनगटातून आपणहून हलायला बघत होता. आईचा हात तसाच होता. एरवी आतापर्यंत खाली गेला असता. तो थरथरायला लागला, कोपरातून, मग बोटांतून, आणि तरी खाली येईना. इतकं जवळून तिनं तो पाहिलाच नव्हता. टाचण्या टोचून टोचून घट्ट झालेला अंगठा, आणि पुढे केलेला तळवा, जो कुणाचा निरोप घेत नव्हता.

“आई,” ती म्हणाली. आवाज घोषणेचा निघाला. तिनं घसा साफ केला. “आई, दुखतंय का?”

आईचे डोळे कुठंतरी खिडकीच्या पडद्यावर होते. ते फिरले, शिहोच्या तोंडावर आले आणि थांबले. हात खाली आला. आणि किनुएनं तोंड उघडलं. चमच्यासाठी उघडतात तेवढं नाही, चांगलं मोठं, दिव्याखाली उघडतात तसं.

तोंडाच्या आत तुमचं काम नाही, हे शिहोला आठवत होतं. तिनं मोरीवर हात धुतले आणि खालची अर्धी कवळी सोडवली. धड्यात हे तिनं फक्त पाहिलं होतं. खरीखुरी कवळी गरम होती, निसरडी होती, आणि तिच्याबरोबर आतून एक वास आला, ज्याला चुकून दुसरं काही समजता येत नाही. मग तिनं उघडं बोट आत घातलं. प्लास्टिकचा जबडा गार आणि कोरडा असतो. हे सगळं जिवंत होतं, ओलं होतं, तिच्या बोटाभोवती श्वास घेत होतं. मधल्या दातापासून ती मोजत गेली. एक, दोन, तीन. चार नव्हता. पाचच्या मुळाशी, जिथं कवळीच्या तारेचा आकडा बसतो तिथं, हिरडी उकडलेल्या बीसारखी टम्म फुगली होती. बोट तिथं लागलं मात्र, आईचं सबंध अंग पलंगावरून उचललं गेलं आणि जबडा मिटला.

शिहो ओरडली. काय ओरडली ते तिला कळलं नाही, पण मोठ्यानं. नखापासून निघालेली कळ कोपरापर्यंत आली, खांद्यात शिरली, डोळ्यांत आली. ओचीबाई धावत आल्या. “काय झालं? अरे देवा, बोट! आजी, सोडा, सोडा! शिहोताई, ओढा ना!”

“ओढू नका,” शिहो म्हणाली. “तिला दुखेल.”

थोड्या वेळानं आईनं आपणहून जबडा सैल केला. ओचीबाईंनी खिशातली विजेरी काढून आत धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज गेला. “रोज कवळी काढते हो मी,” त्या शेवटी म्हणाल्या. “काढते, घासते, परत बसवते. चकचकीत ठेवते. आत…” त्यांनी विजेरी विझवली. “आत नाही बघितलं कधी.”

“दातांच्या डॉक्टरांना आजच बोलवा. खाली डावीकडे, पाचवा. पू झालाय.”

“आणि उद्याचं? मोठे डॉक्टर विचारतील.”

“उद्या मी येणार, पण शिक्का आणणार नाही. त्यांना सांगा, इच्छा वगैरे काही मावळली नाहीये. तिला दुखतंय.” आणि तो शब्द बोलताना तिला रडू फुटलं. हुंदके देऊन, नाक ओढत, मुळीच ठरलेल्या अंशात नाही. बोट ठणकत होतं, पेरावर दातांची निळी रेघ उमटत होती, आणि त्याच्याखालून शरद ऋतूपासूनचं सगळं येत होतं, दुकान येत होतं, न्हाणीघराच्या दाराशी पडलेली चप्पल येत होती. ओचीबाई फोन करायला पळाल्या.

किनुए बघत होती. मग तिचा डावा हात पांघरुणावरून सरकत आला आणि तिनं शिहोचं चावलेलं बोट धरलं. त्या घट्ट अंगठ्यानं ती ते चोळायला लागली, हळूहळू, गोल गोल. शिहो रडायची थांबली. लहानपणी गुडघा फुटला, बोट चेमटलं, की आई अशीच जागा चोळायची, ‘दुखणं दुखणं, उडून जा’ म्हणायची आणि मुठीत धरून ते लांब फेकून द्यायची. या देशातल्या प्रत्येक आईला ते येतं. आता शब्द नव्हते, नुसता श्वास होता. पण किनुएनं मूठ मिटली, जितका उचलेल तितका हात उचलला आणि खिडकीकडे फेकला. बोटं उघडली.

मग तोच हात तिनं स्वतःच्या डाव्या गालावर ठेवला, आणि शिहोकडे बघत ती थांबली.